तिघांच्या बोटांतली चाबी

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. त्यांचं काम एका वाक्यात सांगता यायचं, रूळ पाहतात. माझं काम मला आयुष्यभर कोणाला एका वाक्यात सांगता आलं नाही. "सर्व्हर हलवते" म्हटलं की लोकांना वाटायचं, फर्निचरचा धंदा असेल. आई नांदुऱ्याच्या आमच्या गल्लीत सांगत सुटायची, "पोरगी कॉम्प्युटर दुरुस्त करते," आणि मग शेजारच्या बायका चार्जिंग न होणारे मोबाइल घेऊन ओट्यावर येऊन बसायच्या. दोनचार मी दुरुस्तही करून दिले. नाही म्हणणं आईला आवडायचं नाही.

आता हातातलं काम कमी झालं आहे, बहुतेक गिऱ्हाइकांनी आपला पसारा कुठल्या तरी परगावच्या कंपनीकडे ठेवायला दिला आहे, तेव्हा एकदा नीट सांगून टाकते. दवाखाना असो, शाळा असो, कापसाचं जिनिंग असो, तिथल्या सगळ्या नोंदी एका मोठ्या कॉम्प्युटरवर असतात आणि बाकीचे कॉम्प्युटर त्याच्याकडून मागून घेतात. तो सर्व्हर. नोंदींचा रचून ठेवलेला साठा म्हणजे डेटाबेस. सर्व्हर म्हातारा झाला की नवा आणतात आणि साठा त्यात न्यावा लागतो. एकही नोंद सांडायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी कामावर येणाऱ्याला काही बदललंय हे कळताही कामा नये. काम चांगलं झालं तर आमची आठवण कोणी काढत नाही. बिघडलं की मात्र सगळ्या जिल्ह्यात नाव होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने भेटली. एका शाळेत दसऱ्याला सर्व्हरची पूजा व्हायची. भक्तिभावाने हळदकुंकू वाहायचे, तेही नेमकं पंख्याच्या जाळीतून. मी झाकण उघडलं तेव्हा आत इतकं कुंकू होतं की आधी नमस्कार करावा की ब्रश मारावा, कळेना. आणि एक जिनिंगवाले शेठ होते. त्यांना मी बजावलं होतं की रोजची नक्कल, म्हणजे बॅकअप, वेगळ्या डिस्कवर घ्या. त्यांनी घेतली, अगदी न चुकता. फक्त ती डिस्क ते सर्व्हरच्या डोक्यावरच ठेवायचे, शोधायला नको म्हणून. कापसाला आग लागली आणि सर्व्हर, डिस्क दोन्ही गेलं. त्यांच्या हातात मला काहीच ठेवता आलं नाही. मी रिकाम्या हातानं परत आले, ते अजूनही सलतं.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट सोनाळ्याच्या पुढची आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात एक लहानसा दवाखाना आहे. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. तिथे सिकलसेलचे पेशंट येतात. हा रक्ताचा आजार, आईबापाकडून येतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, हाडं ठणकतात, अंगात रक्त टिकत नाही. आमच्या भागात तो आदिवासी पाड्यांवर आहे, आमच्या बौद्ध घरांत आहे, आणखी कैक घरांत आहे. माझ्या नात्यातही आहे. औषधपाणी नीट झालं तर माणूस चांगला जगतो. पण सोयरिकीच्या बैठकीत हा शब्द निघाला की पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात.

दवाखाना उभा केला डॉक्टर वानखडे यांनी. संस्थेचे सचिव होते तायडे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, करड्या शिस्तीचे. सुरुवातीला नोंदी साध्या कॉम्प्युटरवर असत, कोणीही उघडून पाहाव्यात अशा. एकदा तिथल्याच कोणाच्या तरी तोंडून एका मुलीचं नाव बाहेर गेलं. सुपारी फुटली होती, तारीख धरली होती. लग्न मोडलं, आणि पुढे त्या मुलीचं लग्न झालंच नाही.

तिची आई पर्वताबाई. शेतमजुरी करणारी, अंगानं वाळकी, आवाज बारीक. ती दवाखान्यासमोर येऊन बसली. ओरडली नाही, रडली नाही. बाकीच्या बायाही मग तिच्याजवळ येऊन बसल्या आणि तपासणीला कोणी आत जाईना. तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावलं.

मी त्यांना एन्क्रिप्शन सांगितलं. म्हणजे सगळा साठाच कुलपात ठेवायचा. कोणी चोरून नक्कल नेली तरी उघडल्यावर नुसती अक्षरांची खिचडी दिसेल. पर्वताबाई ओट्यावर बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "चाबी कोनापाशी राहीन?"

"डॉक्टरसाहेबांजवळ," मी म्हटलं.

"मंग कुलूप कायले पाह्यजे? डॉक्टरसाहेब चांगले हायेत. मांगं बी सारे चांगलेच होते."

डॉक्टर खाली बघायला लागले. गुरुजी म्हणाले, "मंग कोनापाशी ठेवाव, तूच सांग."

"एक तुकडा तुमच्यापाशी, एक साहेबांपाशी. अन् एक आमच्यापाशी. लेकरू आमचं हाये."

मी आजवर मोठमोठ्या कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली आहेत, पण माझ्या कामाचा अर्थ इतका थोडक्यात मला कोणी सांगितला नव्हता. तसंच केलं. चाबीची एक फाइल असते, आणि त्या फाइलला पासवर्ड असतो. तो तीन भागांत केला. पहिला भाग डॉक्टरांचा, दुसरा गुरुजींचा, तिसरा पर्वताबाईचा. ज्यानं त्यानं आपला भाग स्वतः ठरवायचा, स्वतः टाकायचा, बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. कागदावर लिहायचा नाही, फोनवर सांगायचा नाही. पर्वताबाईला अक्षरं येत नव्हती, तिनं कीबोर्डच्या उजव्या अंगाला आकड्यांचा जो चौकोन असतो त्यावर बोटं फिरवून आपला भाग ठरवला. आकड्यांपेक्षा बोटांची वाट तिनं ध्यानात ठेवली.

रोजच्या कामाला ही चाबी लागत नाही. सर्व्हर एकदा तिला ओळखायला लागला की आपलं आपण उघडतो, मिटतो. साठा दुसऱ्या यंत्रात न्यायचा असेल तेव्हाच ती मागितली जाते. नवीन यंत्र म्हणतं, मी तुला ओळखत नाही, आधी चाबी दाखव. त्यामुळे वर्षं गेली आणि तिघांना आपला तुकडा कधी लागलाच नाही.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. लोकांचा विश्वास बसला, इतका की रिपोर्टचा कागद घरी न्यायला कोणी तयार होईना. सासरी सापडला तर काय घ्या. "मॅडम, काम्पुटरात टाका अन् कागद चुलीत घाला," असं पेशंटच सांगायचे. तोच रिवाज पडला. आणि दुसरं म्हणजे गुरुजी आणि डॉक्टर यांचं वाजलं. नव्या इमारतीच्या उद्घाटनाची पत्रिका छापली, तिच्यात गुरुजींचं नाव देणगीदारांच्या खाली, 'आपले विनीत'मध्ये आलं. ज्या दवाखान्यात नाव लपवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तिथेच हे दोघे छापलेल्या नावावरून भांडले. गुरुजींनी राजीनामा दिला आणि सांगितलं, या फाटकाच्या आत पाय ठेवणार नाही. मग मुलाकडे नांदुऱ्याला राहायला आले.

आणि एका अवकाळीच्या दुपारी दवाखान्यावर वीज पडली. सर्व्हर आतून जळाला. बॅकअप डॉक्टरांच्या घरी होता, तो शाबूत. चाबीची फाइल दोन ठिकाणी ठेवली होती, तीही शाबूत. मी नवा सर्व्हर घेऊन गेले आणि म्हटलं, तिघांना बोलवा, सवडीनं बसवू.

"सवड नाही आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यांची एक पेशंट बाळंतपणाला मोठ्या दवाखान्यात दाखल होती. रक्त भराभर उतरत होतं, चढवल्याशिवाय भागणार नव्हतं. लहानपणी तिला रक्त दिलं होतं तेव्हा जोरात रिॲक्शन आली होती, एवढं डॉक्टरांना आठवत होतं. नेमकं कोणत्या रक्ताचं वावडं निघालं, ते शहरातल्या लॅबनं शोधून दिलं होतं. ती लॅब केव्हाच बंद पडली होती, नोंद फक्त आमच्या साठ्यात होती. कागद रिवाजाप्रमाणे चुलीत गेला होता.

मी विचारलं, "आता परत तपासता येत नाही का?"

"तपासलं. आज काही दिसत नाही," ते म्हणाले. "वर्षं गेली की ते दिसेनासं होतं. पण तेच रक्त पुन्हा अंगात गेलं की शरीर ओळखतं आणि तुटून पडतं. बाई जाईल, लेकरू जाईल."

पेशंटचं नाव त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, तुमच्याजवळ एखादी वरची चाबी असेलच ना? सगळे इंजिनिअर ठेवतात म्हणे."

"माझ्याजवळ असती तर पर्वताबाईच्या तुकड्याला काय अर्थ होता साहेब?"

मला त्या क्षणी अभिमान वाटला, आणि दुसऱ्याच क्षणी भीती वाटली. एखादी चाबी खरंच खिशात असती तर किती बरं झालं असतं, असंही मनात येऊन गेलं. ते लपवत नाही.

पर्वताबाई गावातच होती, शेतातून तिला बोलावणं गेलं. मी गाडी काढली आणि नांदुऱ्याला गुरुजींकडे आले. ते पलंगावर बसून पेपर वाचत होते.

"जयभीम गुरुजी."

"जयभीम. काऊन वं, आज इकडं कशी?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी त्याच्या फाटकात नाही जानार. शब्द हाये माहा."

"मग तुमचा भाग मला सांगा. मी टाकते."

"तुले सांगू?" ते एकदम उसळले. "तूच शिकोलं ना आमाले, बापाले बी सांगू नका म्हून? आता तूच मांगतं?"

मला हसू आलं आणि रडूही. माझीच शिकवण माझ्या आडवी आली होती. मी म्हटलं, "गुरुजी, एक बाई तिकडे रक्तासाठी पडून आहे."

"आयकलं म्या. मी बहिरा नाही." ते उठले, खुंटीवरचा सदरा काढला. "येतो. पन आत नाही येनार. पाह्य आता तुह्यं तू."

फाटकाशी पोचलो. गुरुजी गाडीतून उतरले आणि रस्त्यापलीकडच्या पुलाच्या कठड्यावर जाऊन बसले. आता काय करायचं? मी आत गेले आणि कंपाउंडरला म्हटलं, लांब वायर असेल तेवढी सगळी जोडा. नवा सर्व्हर, स्क्रीन, कीबोर्ड, सगळं उचललं आणि टेबलासकट रस्त्यावर नेऊन मांडलं. माझ्या कामात मी सर्व्हर थंड खोलीत ठेवा, धूळ लागू देऊ नका, हेच लोकांना सांगत आले. त्या दिवशी तो सर्व्हर भर रस्त्यात, बकऱ्यांच्या कळपाशेजारी होता आणि एसटीवाला हॉर्न वाजवून आम्हाला बाजूला व्हायला सांगत होता.

डॉक्टर फाटकाबाहेर आले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी आपला भाग टाकला आणि बाजूला झाले. गुरुजी कठड्यावरून उठून आले, एका बोटानं, सावकाश, त्यांनी आपला टाकला. पर्वताबाईनं पदराला हात पुसले. तिनं कीबोर्डकडे पाहिलं, मग कमरेचा बटनांचा फोन काढून त्याच्याकडे पाहिलं, असं दोनतीनदा केलं आणि तिचाही भाग टाकून झाला. मी बटण दाबलं.

पासवर्ड चुकीचा आहे, असं यंत्रानं सांगितलं.

आता यात वाईट गोष्ट अशी, की तिघांत कोणाचं चुकलं ते यंत्र सांगत नाही. पडद्यावर नुसते ठिपके असतात. पुन्हा तिघांनी टाकलं. पुन्हा तेच.

"म्हाताऱ्या माणसाच्या ध्यानात राहत नसतं," डॉक्टर हवेत बघून बोलले.

"ध्यानात माह्या पत्रिका बी हाये," गुरुजी तितक्याच हवेत बोलले.

डॉक्टरांचा फोन वाजला. ते दूर जाऊन बोलले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. "बाईला दम लागलाय," एवढंच म्हणाले. गुरुजींनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

पर्वताबाई हळूच माझ्या जवळ आली. "बाई, माह्याच हातून चुकून राह्यलं. ह्या फळ्यावर माह्या बोटायले वाट सापडत नाही."

मी कीबोर्डकडे नीट पाहिलं. नव्या सर्व्हरबरोबर आलेला कीबोर्ड छोटा होता. उजवीकडचा आकड्यांचा चौकोन त्याला नव्हताच. आकडे वर एका ओळीत. मी तिला विचारलं, तू फोनकडे का बघत होतीस? ती म्हणाली, चाबी विसरू नये म्हणून ती रोज दिवा लावल्यावर बंद फोनच्या बटनांवर बोटं फिरवायची. इतक्या वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता. आज चौकोन दिसला नाही म्हणून तिनं फोनवर बोटांची वाट फिरवून पाहिली, तिथले आकडे हेरले आणि वरच्या ओळीत तेच शोधून दाबले.

फोनवर एकचा आकडा वरच्या ओळीत असतो. कॉम्प्युटरच्या चौकोनात तो खालच्या ओळीत असतो. वाट तीच, पण आकडे वरचे खाली झाले होते. तिची बोटं बरोबर होती.

शेजारच्या ई-सेवा केंद्रातून मोठा कीबोर्ड मागवला. तिथल्या मालकानं गिऱ्हाइकाचं काम अर्धं सोडून तो काढून दिला. पुन्हा डॉक्टर, पुन्हा गुरुजी. मग पर्वताबाईनं डोळे मिटले आणि चौकोनावर बोटं फिरवली, भाकरी थापावी इतक्या सहज.

यंत्रानं चाबी ओळखली. बॅकअप चढायला लागला. तेवढा वेळ डॉक्टर फाटकाशी येरझारा घालत होते, गुरुजी कठड्यावर बसून होते. साठा उघडला तेव्हा आम्ही सगळे लांब झालो आणि डॉक्टर एकटे पडद्यासमोर बसले. त्यांनी वाचलं, फोन लावला आणि कोणतं रक्त चालणार नाही ते दोनदा सांगितलं, पलीकडून वदवून घेतलं. चालणारी पिशवी अकोल्याहून आणावी लागणार होती, आणि ती पोचेपर्यंत बाई तग धरेल की नाही हे कोणी सांगू शकत नव्हतं.

चहा आला, तोही रस्त्यावरच. डॉक्टरांनी एक कप उचलून गुरुजींना दिला आणि स्वतः कठड्यावर त्यांच्या शेजारी बसले. पत्रिकेचा विषय निघाला नाही. गुरुजी फाटकाच्या आत काही गेले नाहीत, पण रिकामा कप आत नेऊन ठेवा म्हणून त्यांनी डॉक्टरांच्याच हातात दिला.

पुढचे दोन दिवस मला काम सुचलं नाही. मग डॉक्टरांचा फोन आला. पिशवी वेळेवर पोचली होती. बाई वाचली, मुलगी झाली. "वजन थोडं कमी आहे, रडते मात्र दणकून," ते म्हणाले. मी फोन ठेवला आणि ऑफिसात एकटीच रडले. कोणासाठी ते मला माहीत नव्हतं.

चाबी एकदा वापरली की बदलायची, असा आमचा नियम. बाळंतिणीचं सगळं सुरळीत झाल्यावर, काही महिन्यांनी, आम्ही पुन्हा फाटकाबाहेरच जमलो. पर्वताबाई म्हणाली, आता बोटं आखडतात, माझ्या जागी दुसरं कोणी घ्या. तिनं माणूस बरोबरच आणलं होतं. एक तरुण बाई, कडेवर टपोऱ्या डोळ्यांची पोर. मागे तिची सासू उभी होती, पिशवी सांभाळत.

मला कळायचं ते कळलं. मी घाईनं म्हटलं, "नाव नको सांगूस. इथे नावाची गरज नाही, तसा नियमच आहे."

तिनं पोर सासूकडे दिली. "काऊन नको? ज्योती नाव हाये माहं. मले सिकल हाये. ह्या माह्या सासूबाई, यायले बी म्याच सांगतलं, दवाखान्यातच."

सासूनं मान हलवली आणि पोरीचं टोपडं नीट केलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. पण ते गिळायला तिलाही जड गेलं असणार, हे दिसत होतं.

नाव बाहेर पडू नये म्हणून मी एवढी वर्षं कुलपं बसवली, आणि ते नाव आपल्या पायानं चालत येऊन माझ्यासमोर खुर्चीवर बसलं होतं. मी म्हटलं, "अगं, तुला लपवायचंच नाही, तर तू चाबी घेऊन काय करशील?"

ज्योतीनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

"माहं नाव माहं होतं ताई, म्हून म्या सांगतलं. बाकीच्यायचं माहं नाही. दाखवा, कुठं दाबाचं ते."